कोडॅकची अकराशे पेटंटं: २२१ कोटी डॉलरचा अंदाज आणि ५२.७ कोटींचा सौदा

डिसेंबर २०१२मध्ये ईस्टमन कोडॅकने डिजिटल छायाचित्रणाच्या आपल्या सुमारे अकराशे पेटंटांचा सौदा केला. त्यातून सुमारे ५२.७ कोटी डॉलर मिळाले. याच पेटंटांची किंमत २२१ ते २५७ कोटी डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज २८४ पार्टनर्स या मूल्यांकन संस्थेने दिला होता. अंदाज आणि सौदा यांत चौपटीहून जास्त अंतर पडलं.

या अंतराचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे कोडॅकची दिवाळखोरी. अडलेला माणूस मिळेल त्या भावाला विकतो. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. नॉर्टेल ही कॅनडाची दूरसंचार कंपनीही दिवाळखोरीतच होती. तिची सुमारे सहा हजार पेटंटं २०११च्या उन्हाळ्यात ४५० कोटी डॉलरला गेली, आणि तिथे सुरुवातीची बोली ९० कोटींची होती. म्हणजे दिवाळखोर कंपनीच्या लिलावात भाव पाचपट चढल्याचं उदाहरण अवघ्या वर्षभरापूर्वीचं होतं. कोडॅकच्या बाबतीत उलटं का झालं?

मला याचं उत्तर कोडॅकच्या खटल्यांच्या इतिहासात दिसतं. तो नुसता वाईट इतिहास नव्हता, त्यात मोठे विजयही होते. म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखं आहे. जिंकलेल्या खटल्याने पेटंटाची किंमत वाढते आणि हरलेल्याने कमी होते, इतका सरळ हिशेब बहुतेकांच्या डोक्यात असतो. कोडॅकमध्ये विजयांनीही किंमत खाल्ली.

विकायला काय होतं

कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. शंभर बाय शंभर बिंदूंचं काळं-पांढरं चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला त्याला २३ सेकंद लागायचे. त्याचं पेटंट १९७८मध्ये मिळालं. कोडॅकने पेटंटांतून जे अब्जावधी कमावले ते या मूळ पेटंटावर, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. पण त्या पेटंटाची मुदत १९९०च्या दशकातच संपली होती. डिजिटल कॅमेरे आणि कॅमेऱ्याचे फोन घरोघरी पोचले ते त्यानंतर. पैसा आला तो पुढच्या पिढीच्या पेटंटांतून, आणि त्यांतलं सर्वांत गाजलेलं म्हणजे क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांनी ओळखलं जाणारं २१८ पेटंट.

या पेटंटात नेमकं काय आहे ते समजून घेतलं तर पुढचे सगळे निकाल समजतात. फोनचा कॅमेरा उघडला की पडद्यावर समोरचं दृश्य हलतं दिसतं. आपण बटण दाबतो आणि फोटो निघतो. हलतं दृश्य सेकंदाला कितीतरी वेळा नवं करावं लागतं, त्यामुळे त्यावर फार प्रक्रिया करायला वेळ नसतो. फोटो मात्र एकच असतो, त्यावर सावकाश आणि कसून काम करता येतं. पेटंटाने नेमका कशावर हक्क सांगितला आहे ते मांडणाऱ्या कलमांना क्लेम म्हणतात. २१८ पेटंटाच्या पंधराव्या क्लेममध्ये ही विभागणी आहे: सेन्सरवरच्या बिंदूंपेक्षा कमी बिंदूंचं, साध्या पद्धतीने तयार केलेलं दृश्य पडद्यावर दाखवायचं आणि बटण दाबल्यावर वेगळ्या, जास्त बारकाईच्या प्रक्रियेने फोटो तयार करायचा. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की जगातला प्रत्येक कॅमेरावाला फोन हेच करतो. कोडॅकलाही तेच वाटत होतं. आणि ज्या गोष्टीमुळे हा क्लेम इतका मोलाचा होता, तीच त्याची दुखरी जागाही होती. जी गोष्ट प्रत्येक जण करतो, ती त्या क्षेत्रातल्या माणसाला सहज सुचण्यासारखी होती का, हा प्रश्न प्रतिवादी विचारणारच.

जिंकण्याची वर्षं

पेटंटाचा खटला किती जड जाऊ शकतो हे कोडॅक स्वतःच्या अंगावर शिकली होती. पोलरॉइडने १९७६मध्ये झटपट छपाईच्या कॅमेऱ्यांवरून तिला कोर्टात खेचलं. १९८६मध्ये कोडॅकला तो धंदाच बंद करावा लागला आणि १९९१मध्ये प्रकरण ९२.५ कोटी डॉलर देऊन मिटलं. पुढे फिल्मचा धंदा ओसरू लागला तेव्हा कंपनीने हेच शस्त्र स्वतःच्या हाती घेतलं. २००४मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडून जावा या संगणकीय भाषेच्या वादात ९.२ कोटी डॉलर मिळाले. सोनीबरोबरचा वाद २००७मध्ये एकमेकांना परवाने देऊन संपला. २००५पासून मुख्य कार्यकारी असलेल्या अँटोनियो पेरेझ यांच्या काळात पेटंटांतून वर्षाला २५ ते ३५ कोटी डॉलर मिळवायचे, असं उद्दिष्टच ठरून गेलं.

सर्वांत मोठं यश आलं ते सॅमसंग आणि एलजीविरुद्ध. नोव्हेंबर २००८मध्ये कोडॅक अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली. या आयोगाला सगळे आयटीसी म्हणतात. इथे थोडं थांबून सांगायला हवं की कोडॅकने साधं कोर्ट सोडून आयटीसी का धरलं. २००६मध्ये दोन गोष्टी घडल्या होत्या. मार्चमध्ये ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिमने, सेवा बंद पडण्याच्या भीतीने, एनटीपी या छोट्या पेटंटधारक कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर दिले. आणि मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ईबेच्या खटल्यात निकाल दिला की पेटंटाचा भंग सिद्ध झाला म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही. त्यानंतर साध्या कोर्टात ‘तुमचा माल बंद पाडू’ ही धमकी बोथट झाली. आयटीसी मात्र अजूनही आयात रोखू शकत होती, आणि फोन तर परदेशातूनच जोडून येत होते. आयटीसीत नुकसानभरपाई मिळत नाही, पण माल बंदरावर अडण्याची टांगती तलवार समोरच्याला वाटाघाटीच्या टेबलावर आणते.

डिसेंबर २००९मध्ये आयटीसीच्या न्यायाधीशाने २१८चा क्लेम वैध ठरवला आणि सॅमसंगने त्याचा भंग केल्याचं म्हटलं. एलजीने ४१.४ कोटी आणि सॅमसंगने ५५ कोटी डॉलर मोजले. २०१०मध्ये अशा एकरकमी परवान्यांतून कोडॅकच्या विक्रीत ८३.८ कोटी डॉलरची भर पडली. पुढच्याच वर्षी, २०११मध्ये, हाच आकडा ८.२ कोटींवर आला.

मूल्यांकन करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून भिंतीवर लावावेत असं मला मनापासून वाटतं. एका वर्षात उत्पन्न दशांशावर आलं, कारण ते उत्पन्न वर्षानुवर्षं चालणाऱ्या रॉयल्टीचं नव्हतं. प्रत्येक तडजोड म्हणजे एका मोठ्या गिऱ्हाइकाचं नाव यादीतून कमी होणं होतं. नोकिया, मोटोरोला, सोनी, एलजी, सॅमसंग अशा मोठ्या कंपन्यांनी परवाने घेऊन झाले होते. आणि एकदा दिलेला परवाना पेटंट विकल्याने संपत नाही. नवा मालक पेटंट घेतो ते आधीच्या परवान्यांसह. जमीन घेणारा माणूस सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना आधी वाचतो, तसा पेटंट घेणाऱ्याने परवान्यांचा इतिहास वाचायचा असतो. कोडॅकच्या पेटंटांवर तो रकाना भरगच्च होता.

कोडॅकने २००१पासून या पेटंटांतून ३०० कोटी डॉलरहून जास्त मिळवले, हे विक्रीच्या वेळी मोठ्या अभिमानाने सांगितलं गेलं. अभिमान योग्यच होता. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने ते ३०० कोटी खर्च होऊन गेलेली किंमत होती.

ॲपल आणि रिम

मग अजून परवाना न घेतलेले मोठे खिसे कुणाचे राहिले होते? मुख्यतः ॲपल आणि रिमचे. जानेवारी २०१०मध्ये, सॅमसंगचा विजय ताजा असताना, कोडॅकने आयटीसीत या दोघांविरुद्ध तक्रार केली. शस्त्र तेच, २१८ पेटंटाचा पंधरावा क्लेम. यातून १०० कोटी डॉलरपर्यंत मिळू शकतात, अशी आशा पेरेझ यांनी उघड बोलून दाखवली होती.

२४ जानेवारी २०११ रोजी न्यायाधीश पॉल लकर्न यांचा प्राथमिक निकाल आला: भंग नाही, आणि क्लेमच अवैध, कारण आधीच्या ज्ञात तंत्रज्ञानावरून तो सहज सुचण्यासारखा होता. म्हणजे वर्षभरापूर्वी ज्या क्लेमवर जवळजवळ शंभर कोटी डॉलर मिळाले, तोच क्लेम दुसऱ्या प्रकरणात फोल ठरला. पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत हा क्लेम कायम ठेवला होता, पण त्याने न्यायाधीशांचं मत बांधलं गेलं नाही. ३० जून २०११ला आयोगाने क्लेमच्या शब्दांचा अर्थ काही ठिकाणी बदलला आणि प्रकरण पुन्हा न्यायाधीशाकडे पाठवलं. मे २०१२मध्ये न्यायाधीश थॉमस पेंडर यांनी सांगितलं की रिमच्या फोनांनी आणि आयफोन थ्रीजीने क्लेमचा भंग केला आहे, आयफोन थ्रीजीएस आणि फोरने नाही. पण क्लेम अवैध आहे, तेव्हा भंगाला अर्थ उरत नाही. २० जुलै २०१२ रोजी आयोगाने अवैधतेवर शिक्कामोर्तब केलं.

लिलाव ८ ऑगस्टला ठरला होता. मधे तीन आठवडेही नव्हते.

आयटीसीचा पेटंटाच्या वैधतेबद्दलचा निकाल अमेरिकेच्या संघीय न्यायालयांवर बंधनकारक नसतो. त्यामुळे कागदोपत्री २१८ पेटंट जिवंतच होतं. नवा मालक साध्या कोर्टात जाऊन नव्याने लढू शकला असता. तरीही बोली लावणाऱ्याने याकडे कसं पाहिलं असेल याचा विचार करा. अमेरिकी कायद्यात पेटंट वैध आहे असंच गृहीत धरलं जातं. ते पाडायला स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो, ही पातळी सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या जूनमध्येच मायक्रोसॉफ्ट आणि आयफोरआयच्या खटल्यात पुन्हा पक्की केली होती. एवढी उंच पायरी असूनही दोन न्यायाधीशांना आणि आयोगाला हा क्लेम अवैध वाटला. आणि तो पाडण्याचा सगळा दारूगोळा, जुने कॅमेरे, जुने लेख, तज्ज्ञांच्या साक्षी, आता पुढच्या प्रत्येक प्रतिवादीला आयता मिळणार होता.

तोल एका बाजूला का झुकतो

खटला जिंकला तर निकाल फक्त त्या प्रतिवादीवर बंधनकारक असतो. सॅमसंगविरुद्ध क्लेम वैध ठरला म्हणून ॲपलला गप्प बसावं लागत नाही. ॲपल त्या खटल्यात नव्हती, तिला तिचा पुरावा मांडायचा पूर्ण हक्क आहे. पण संघीय न्यायालयात पेटंट अवैध असल्याचा अंतिम निकाल लागला, तर तो पेटंटधारकाविरुद्ध सगळेच वापरू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये ब्लाँडर-टंग खटल्यात हे ठरवून टाकलं. म्हणजे दहा जणांवर खटले भरून नऊ जिंकले आणि एक अवैधतेवर हरला, तर तिथून पुढे सगळं संपतं. मिळणारा फायदा एका-एका प्रतिवादीपुरता आणि होणारा तोटा मात्र सगळ्यांच्या बाबतीत एकदम.

मूल्यांकनाच्या तक्त्यात याचा परिणाम फार मोठा असतो, आणि तो चुकीचा मांडला जाण्याचा धोकाही तितकाच. समजावण्यापुरते आकडे घेऊ. समजा अजून परवाना न घेतलेले पाच मोठे फोन-उत्पादक आहेत आणि प्रत्येकाकडून २० कोटी मिळू शकतात. वैधता आणि भंग दोन्ही टिकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर अपेक्षित मूल्य ६० कोटी. त्यातून कोर्टाचा खर्च वजा. आता एक निकाल क्लेम अवैध ठरवतो. शक्यता १५ टक्क्यांवर येते, आणि ती पाचही जणांच्या बाबतीत एकदम येते. ६० कोटींचे १५ कोटी झाले. खर्च मात्र तेवढाच राहतो, उलट अपील आणि नव्या साक्षींमुळे वाढतो. पाच प्रतिवाद्यांकडे पाच वेगवेगळ्या जोखमी म्हणून पाहणारा मूल्यांकनकार इथे फसतो, कारण वैधतेची जोखीम पाचांची मिळून एकच असते.

पोर्टफोलिओत आणखी एक हजारभर पेटंटं होती, ती कुठे गेली, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अकराशेपैकी सातशेहून जास्त चित्र टिपण्याशी संबंधित होती आणि सुमारे चारशे प्रतिमा साठवणं, पाठवणं, त्यांवर प्रक्रिया करणं याबद्दलची. एका क्लेमच्या पराभवाने बाकीची कायद्याने कमजोर होत नाहीत. पण बाजारात किंमत ठरते ती जे पेटंट पुढे करून मालक पैसे मिळवत आला त्यावर. कोडॅकने वर्षानुवर्षं २१८लाच आघाडीवर ठेवलं होतं. घेणाऱ्याच्या मनात साधा प्रश्न येतो: यांचं सर्वांत चांगलं पेटंट हे असेल, तर उरलेल्यांत काय असेल? वाढवून सांगितलेली प्रतिष्ठा इथे उलटली. शिवाय वय. २१८चं मूळ १९९४च्या शेवटी केलेल्या अर्जात होतं, आणि मुदत अर्जापासून २० वर्षांची. लिलावाच्या वेळी त्याच्या आयुष्याची जेमतेम दोन-अडीच वर्षं उरली होती. आयटीसीत झगडण्यात गेलेली अडीच वर्षं हीसुद्धा खर्च झालेली किंमतच. मुदत संपल्यावरही मागच्या सहा वर्षांच्या भंगाची भरपाई मागता येते हे खरं, पण तेव्हा माल रोखण्याची धमकी उरत नाही.

मालकीचाच वाद

एवढ्यात ॲपलने आणखी एक अडचण उभी केली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपल आणि कोडॅक यांनी डिजिटल कॅमेऱ्यांवर एकत्र काम केलं होतं. ॲपलचा १९९४चा क्विकटेक कॅमेरा कोडॅकनेच बनवला होता. त्या सहकार्यातून निघालेल्या शोधांवर आपला हक्क आहे, असं म्हणत ॲपलने आणि तिच्यातून वेगळ्या निघालेल्या फ्लॅशपॉइंट कंपनीने कोडॅकच्या दहा पेटंटांवर मालकी सांगितली. जून २०१२मध्ये कोडॅकला दिवाळखोरीच्या कोर्टात या दोघींविरुद्ध दावा दाखल करावा लागला, तोही विक्री अडू नये म्हणून.

मालकीच्या वादाचा परिणाम वैधतेच्या वादाहून वेगळा असतो. वैधतेच्या शंकेला टक्केवारी लावता येते. ज्याच्याकडून आपण घेतोय तो मालकच नसेल, तर टक्केवारीला काही अर्थ राहत नाही. सावध खरेदीदार अशी पेटंटं हिशेबातच धरत नाही. ॲपलचा दावा अखेर टिकला असता की नाही हे बाजूला ठेवू. लिलावाच्या तोंडावर तो उभा असणं एवढंच पुरेसं होतं. आणि हा दावा करणारीच संभाव्य खरेदीदारांत सर्वांत श्रीमंत होती.

लिलाव

कोडॅक १९ जानेवारी २०१२ला दिवाळखोरीत गेली. त्याआधीच्या काही दिवसांत तिने ॲपल, एचटीसी, फुजीफिल्म आणि सॅमसंगवर नवे खटले भरले. टॅब्लेटसारख्या नव्या उपकरणांवरून सॅमसंगवर पुन्हा. मला यात घाई दिसते. विक्रीआधी खटले भरले की पेटंट वापरात आहे हे दिसतं आणि भाव चढतो, असा समज या धंद्यात आहे. नॉर्टेलच्या वेळी आणि ऑगस्ट २०११मध्ये गूगलने मोटोरोला मोबिलिटी १,२५० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं त्या वेळी, बाजार भलताच तापला होता. पण नॉर्टेलच्या पेटंटांभोवती परवान्यांचं आणि पराभवांचं असं जाळं नव्हतं. ती कुणाच्या हातात गेली तर तो काय करेल याची भीती होती, आणि भीतीने बोली चढली. कोडॅकची पेटंटं कोडॅकच्याच हातात काय करू शकली नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

वर्तमानपत्रांतल्या बातम्यांनुसार ऑगस्टमधल्या पहिल्या बोली १५ ते २५ कोटी डॉलरच्या होत्या. सुरुवातीला ॲपल-मायक्रोसॉफ्टचा एक गट आणि गूगलचा दुसरा, अशी स्पर्धा होईल असं वाटलं. झालं उलटं, दोन्ही गट एकत्र आले. लिलावाची तारीख पुढे ढकलत-ढकलत डिसेंबर आला. दरम्यान धनकोंनी नव्या कर्जासाठी अट घातली होती की ही पेटंटं किमान ५० कोटी डॉलरला गेली पाहिजेत. शेवटचा आकडा त्या अटीच्या जरासा वर आहे, हा योगायोग मला वाटत नाही. किंमत पेटंटांच्या मोलावरून वर जाण्याऐवजी कर्जाच्या अटीवरून ठरली.

सौदा कसा बांधला गेला ते पाहिलं की सगळं उलगडतं. खरेदीदार इंटेलेक्च्युअल व्हेंचर्स आणि आरपीएक्स या पेटंटं विकत घेणाऱ्या कंपन्यांनी जमवलेला गट होता. त्यात बारा कंपन्यांनी परवाने घेतले: ॲडोबी, ॲमेझॉन, ॲपल, फेसबुक, फुजीफिल्म, गूगल, एचटीसी, ह्युआवे, मायक्रोसॉफ्ट, रिम, सॅमसंग आणि शटरफ्लाय. यांतल्या निम्म्यांशी कोडॅक कोर्टात भांडत होती. या बारा जणांनी मिळून ४३.३ कोटी डॉलर दिले, आणि पेटंटांच्या प्रत्यक्ष मालकीपोटी इंटेलेक्च्युअल व्हेंचर्सने दिले ९.४ कोटी.

४३.३ कोटींना बाराने भागलं तर सरासरी येते ३.६ कोटी. वाटणी अर्थातच सारखी नसेल. तरी तीन वर्षांपूर्वीच्या ५५ आणि ४१.४ कोटींशेजारी ही सरासरी ठेवून पाहा. आणि ९.४ कोटींना अकराशेने भागलं तर एका पेटंटाची किंमत सुमारे ८५ हजार डॉलर येते. नॉर्टेलमध्ये हाच आकडा साडेसात लाखांचा होता. २०१२च्याच एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने एओएलची आठशेहून जास्त पेटंटं, इतर काहींच्या परवान्यासह, १०५ कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतली होती. म्हणजे बाजार पडला होता असंही म्हणता येत नाही.

मालकीपोटी एवढंच का मिळालं? कारण बारा बड्यांना परवाना देऊन झाल्यावर, आधीचे तीसेक परवानाधारक धरले, तर नव्या मालकाला वसुलीसाठी उरलं तरी कोण? किमतीचा मोठा भाग पेटंटासाठी नव्हताच, खटल्यांतून सुटण्यासाठी होता.

मूल्यांकनकाराने कुठे जास्त सावध व्हायला हवं होतं

२२१ कोटींचा अंदाज मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. २०११च्या बाजारात बसून, कोडॅकची आधीची कमाई समोर ठेवून, कुणीही मोठ्या आकड्यापर्यंत पोचला असता. माझा आक्षेप आधीच्या कमाईवरून पुढची मोजण्याच्या सवयीला आहे. परवान्यांच्या इतिहासाची दोन टोकांनी मोजणी करावी लागते: दर काय मिळाला, आणि त्या दराने द्यायला अजून कोण शिल्लक आहे. पहिली मोजणी कोडॅकला उंच घेऊन जाते, दुसरी खाली आणते. आणि तडजोडीच्या रकमेत पेटंटाचं मोल किती आणि आयातबंदीच्या भीतीचं मोल किती, हे वेगळं काढलं पाहिजे. सॅमसंगचे ५५ कोटी आयटीसीच्या प्रतिकूल निकालानंतर आले. तो दर, बंदीची भीती दाखवू न शकणाऱ्या नव्या मालकाला, कुणी देणार नव्हतं.

भारतात हे कितपत लागू पडतं, असं पुण्या-नाशिकचे कारखानदार आणि स्टार्टअपवाले विचारतात. बऱ्यापैकी लागू पडतं. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात तेराव्या कलमातच म्हटलंय की पेटंट दिलं म्हणून त्याच्या वैधतेची हमी नाही. भंगाच्या दाव्यात प्रतिवादी कलम १०७खाली अवैधतेचा बचाव घेऊ शकतो आणि कलम ६४खाली पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा करू शकतो. पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यावर वर्षभर कुणीही हितसंबंधित व्यक्ती विरोध दाखल करू शकते. तेव्हा पेटंट घेताना किंवा बँकेकडे तारण ठेवताना नुसतं प्रमाणपत्र आणि मुदत पाहून भागत नाही. विरोध झाला होता का, त्यात क्लेम आकसले का, कुठे दावा चालू आहे का, आणि कलम ६९खाली नोंदवहीत कुणाचे परवाने किंवा हक्क नोंदले आहेत, हे सगळं काढून बघावं लागतं. तडजोड झाली असेल तर तिचा करारनामा मागायलाच हवा. विकणारा तो गोपनीय आहे म्हणून टाळू लागला, तर किंमत त्या हिशेबाने धरावी.

कोडॅकचा सौदा न्यायाधीश ॲलन ग्रॉपर यांनी जानेवारी २०१३मध्ये मंजूर केला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्यवहार पुरा झाला. परवाना घेणाऱ्या कंपन्यांशी चालू असलेले पेटंटांचे वाद त्याच करारात मिटले. आलेल्या पैशातून धनकोंच्या कर्जाचा मोठा भाग फेडला गेला. सप्टेंबर २०१३मध्ये कोडॅक दिवाळखोरीतून बाहेर आली, व्यावसायिक छपाईच्या धंद्यावर भिस्त ठेवणारी, आधीपेक्षा कितीतरी लहान कंपनी म्हणून.